बसायची जागा

शिवाजीनगरचं एसटी स्टँड पाडलं तेव्हा पुण्यात कुणी फारसं हळहळलं नाही. 2019 संपता संपता तिथला सगळा कारभार वाकडेवाडीला, सरकारी डेअरीच्या जागेवर हलला. मग जेसीबी आले, पत्रे ठोकले गेले आणि मेट्रोच्या भुयारी स्टेशनासाठी खोदकाम सुरू झालं. याच शहरात बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवं बांधायचा विषय निघाला की कलाकार विरोधाला उभे राहतात, पेपरात लेख येतात, पुलंचं नाव निघतं. बरोबरच आहे ते. स्टँडच्या वेळी मात्र माझ्या फीडमध्ये एकच पोस्ट आली होती, तीसुद्धा 'आता रिक्षाला किती पडतील' असं विचारणारी.

मला त्याचं नवल वाटलं नाही. आपलं प्रेम एसटीवर आहे, एसटी स्टँडवर नाही. लाल परीचे रील निघतात. 1 जून 1948 ला नगर ते पुणे अशी पहिली गाडी धावली, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, हा मेसेज दर वर्षी फॅमिली ग्रुपवर येतो. 2022 मध्ये बरोबर त्याच तारखेला, त्याच मार्गावर 'शिवाई' ही विजेवर चालणारी बस सुरू केली, तेव्हा माझ्या काकांनी पेढ्यांचा फोटो टाकला होता. पण स्टँडचा वाढदिवस कुणी करत नाही. स्टँड म्हटलं की आठवतो तो मुतारीचा वास, कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या, पंख्यावर बसलेली कबुतरं आणि 'फलाट क्रमांक' एवढंच कळेल अशी उद्घोषणा. कुठल्याही तालुक्याला जा, साधारण हेच. तिथून निघायचं असतं, म्हणूनच तर आपण तिथं गेलेलो असतो.

मी नाशिक रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावची. पुण्याला शिकायला आले 2014 मध्ये. शाळेत असताना अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास होता, त्यामुळे एसटीत बसणं म्हणजे पैसे लागणं हेच मला उशिरा कळलं. पुण्यात आमच्या होस्टेलचं गेट रात्री दहाला बंद व्हायचं आणि सकाळी सहाला उघडायचं. सुट्टी संपवून परत येताना बाबा मला रात्रीच्या गाडीत बसवायचे, कारण दिवसा त्यांना शेतातून निघता यायचं नाही. रात्रीची गाडी रिकामी धावते. साडेतीनला शिवाजीनगर. म्हणजे अडीच तास काढायचे.

पहिल्यांदा भीती वाटली. दुसऱ्यांदा थोडी कमी. चौथ्या-पाचव्या खेपेला माझी एक पद्धत बसली होती. कंट्रोलरच्या केबिनजवळचा, ट्यूबलाइटखालचा बाक बघायचा. त्या बाकावर एखादं कुटुंब असेल तर त्याच्या शेजारी, पण बाईच्या बाजूला. बॅग पायाखाली, पट्टा पायाला गुंडाळलेला. पुस्तक उघडायचं, वाचायचं नाही. मोबाइलची बॅटरी जपायची. चहा पाचला, आधी नाही, कारण चहा घेतला की बाथरूमचा प्रश्न येतो. या गोष्टी मुलींना कुणी शिकवत नाही, पण बोलायला लागलं की कळतं, सगळ्यांच्या पद्धती सारख्याच.

एकदा नगरकडची एक आजी होती शेजारी. गाठोडं, हातात प्लॅस्टिकची बाटली. तिनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "कुनाची वाट बघती गं पोरी?"

"कुणाची नाही आजी. होस्टेल उघडायचंय."

"मंग झोप घटकाभर. मी हाय जागी. मला कुठं झोप येती."

आणि मी झोपले. सिमेंटचा लांब बाक होता, आजीच्या गाठोड्याला डोकं टेकवून. सव्वापाचला तिनं उठवलं. तिचा मुलगा ससूनला ॲडमिट होता आणि वॉर्डात एकाच माणसाला राहू देत होते, म्हणून सून आत आणि ही स्टँडवर. तीन रात्री झाल्या म्हणाली. तिला कुठंच जायचं नव्हतं. गाडीच नव्हती तिची. तरीही तिला कुणी उठवलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही. आता येतं, त्याचं कारण पुढं सांगते.

त्याआधी एक स्पष्ट करते, नाहीतर हा लेख 'जुनं ते सोनं' या रांगेत जाऊन बसेल. फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेट स्थानकात, पहाटे, उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाला. गाडीसाठी आलेली मुलगी. ती बातमी वाचताना मला माझा ट्यूबलाइटखालचा बाक आठवला आणि पोटात गोळा आला. जिथं अंधार आहे, बंद गाड्या उभ्या आहेत, कोण कुठं आहे हे दिसत नाही, ती इमारत जुनी म्हणून जपायची असं मी म्हणणार नाही. पाडा. उजेड आणा, कॅमेरे आणा, पाण्याचा नळ चालू ठेवा, हिरकणी कक्षाला आतून लागणारी कडी लावा. नवीन बांधायला माझा विरोध नाही. असून चालणारही नाही, कारण माझं पोट त्यावर आहे.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग्ज करते. आमच्याकडे बहुतेक कामं रीडेव्हलपमेंटची: सोसायट्या, एखादी जुनी मंडई, आणि गेल्या वर्षीपासून एका जिल्ह्याच्या ठिकाणचं बस स्टँड. ऑफिसचं आणि गावाचं नाव सांगत नाही, नोकरी टिकवायची आहे. पण या कामांचं गणित सगळीकडे एकच असतं आणि ते समजायला फार अवघड नाही.

एसटीकडे पैसे नाहीत. जमीन आहे. आणि ती अशी जमीन आहे की गाव तिच्याभोवती वाढलं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी गावाबाहेर वाटणारं स्टँड आज ऐन बाजारात आलंय. मग सरकार विकासकाला म्हणतं, तू आम्हाला खाली नवं स्टँड बांधून दे, वर तुला दुकानं, ऑफिसं, हॉटेल काय बांधायचं ते बांध आणि इतकी वर्षं भाड्यानं चालव. ही 'इतकी वर्षं' पूर्वी कमी होती. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती 60 वरून 98 वर नेली, 49 अधिक 49. एसटी स्वतः अजून ऐंशीची झालेली नाही, हे सहज डोक्यात आलं म्हणून लिहिलं.

आता विकासकाच्या जागी बसून बघा. त्याला पैसे मिळणार वरून. खालचं स्टँड हा त्याचा खर्च. फलाट किती हवेत हे करारात लिहिलेलं असतं, बारा म्हणजे बारा, त्यात कमी करता येत नाही. बस वळायला किती जागा लागते हे बसच ठरवते. स्वच्छतागृहाला नियम आहेत. पार्किंगला नियम आहेत. चालक-वाहकांच्या विश्रांतीगृहासाठी युनियन भांडते, आणि भांडायलाच हवं. मग कमी करायला उरतं काय?

आमच्याकडे एरिया स्टेटमेंट म्हणून एक एक्सेल शीट असते. इमारतीतल्या प्रत्येक चौरस मीटरचा त्यात हिशोब. दुकानं एक ओळ, ऑफिसं एक ओळ, फूड कोर्ट, फलाट, कंट्रोल केबिन, आरक्षण खिडकी, पार्सल, सगळ्यांना आपापली ओळ. मी पहिल्यांदा ती शीट भरत होते तेव्हा बाकड्यांची जागा कुठं टाकायची हे मला सापडेना. विचारलं तर शेजारच्या टेबलावरून उत्तर आलं, "सर्क्युलेशनमध्ये टाक गं."

सर्क्युलेशन म्हणजे येण्याजाण्याची वाट. जिने, पॅसेज, लिफ्टसमोरचा मोकळा भाग. माणूस जिथून जातो पण थांबत नाही, ती जागा. चांगल्या प्लॅनमध्ये सर्क्युलेशन कमीत कमी असावं असं आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं, कारण ते विकता येत नाही. आणि स्टँडवर माणसं जे सर्वात जास्त करतात, म्हणजे बसून राहणं, ते आमच्या शीटमध्ये चालण्याच्या खात्यात जमा होतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. ओळच नाही, तर भरणार कुठं?

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात काय होतं ते मी एका तालुक्याच्या स्टँडवर बघितलं. जुनं स्टँड कौलारू होतं, समोर लिंबाचं झाड, त्याला पार. नवीन झालं तेव्हा रस्त्याच्या बाजूनं दोन मजली गाळे आले आणि स्टँड त्यांच्या मागं गेलं. बाहेरून बघणाऱ्याला ते मोबाइलच्या दुकानांचं कॉम्प्लेक्स वाटतं. मध्ये एक बोळ, त्यातून आत गेलं की फलाट. स्वच्छ आहे, खोटं कशाला बोला. फरशी चकचकीत, पाण्याचा कूलर. बाकांच्या जागी तीन-तीनच्या लोखंडी खुर्च्या, मध्ये हाताचे दांडे. दांडे का असतात माहितीय? आडवं होता येऊ नये म्हणून. तान्हं मूल असलेली बाई त्याला मांडीवर घेऊन तीन तास बसते, नाहीतर खाली फरशीवर पदर पसरते.

मागच्या मे महिन्यात आई आणि मी तिथं होतो. ऊन मरणाचं. खुर्च्या भरलेल्या, म्हणून आई एका गाळ्याच्या पायरीवर सावलीत टेकली. आतून एक मुलगा आला, वीस-बावीसचा, उद्धट नव्हता, अवघडला होता बिचारा.

"मावशी, जरा तिकडं बसता का? गिऱ्हाईक येतं."

"कुठं बसू रे बाळा?" आईनं विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता.

त्यानं इकडं तिकडं बघितलं. त्यालाही जागा दिसली नाही. मग आतून त्यानं एक प्लॅस्टिकचं स्टूल आणून दिलं आणि ते बोळात ठेवलं. आई बसली. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला ओलांडून जात होता. पाऊण तास ती सर्क्युलेशनमध्ये बसली होती, अगदी शब्दशः.

आईला दर तीन महिन्यांनी डोळे दाखवायला पुण्याला यावं लागतं. बायकांना अर्धं तिकीट झालं 2023 च्या मार्चपासून, तेव्हापासून ती एकटी येते. आधी बाबांना सुट्टी पडायची. त्या अर्ध्या तिकिटानं तिला काय दिलं यावर वेगळा लेख होईल. पण दवाखाना बाराला उरकतो आणि तिच्या ओळखीच्या कंडक्टरची थेट गाडी चारला असते. मधले चार तास ती माझ्या खोलीवर येत नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, रूममेटना संकोच. ती स्टँडवर बसते. शेंगा खाते, एखादीशी ओळख काढते, पोतडीतून डबा काढून जेवते. मी म्हणते, "अगं, कॅफेत बसू." ती म्हणते, "तिथं किती वेळ बसलं की उठायचं असतं?" मला उत्तर देता येत नाही. दोनशे रुपयांच्या कॉफीत किती वेळ बसता येतं याचा अंदाज आपल्याला असतो, पण तो कुठं लिहिलेला नसतो आणि तिच्यासारखीला तो वाचता येत नाही.

पुण्यात आता दुसरी अशी जागा कुठली? बागा दुपारी बंद. देवळं दुपारी बंद. मेट्रोच्या भुयारी स्टेशनात गारवा आहे, पण आत जायला तिकीट लागतं आणि फलाटावर रमत बसण्यासाठी ते स्टेशन बांधलेलं नाही. शिवाजीनगरचं मेट्रो स्टेशन 1 ऑगस्ट 2023 ला सुरू झालं, मी पहिल्याच आठवड्यात जाऊन आले. छान आहे. सरकत्या जिन्यावरून वर येताना मी हिशोब करत होते की आमचा बाक नेमका कुठं असेल. मेट्रो खाली धावू लागली होती आणि वर स्टँड नव्हतं. तात्पुरतं म्हणून गेलेलं स्टँड वाकडेवाडीलाच, दोनेक किलोमीटर लांब. पूर्वी लोणावळा लोकलमधून उतरलेला माणूस शिवाजीनगरला चालत एसटीत जाऊन बसायचा, आता मध्ये रिक्षा आली.

शिवाजीनगरच्या जागेसाठी जे ठरतंय त्याचा ढाचा असा: तळघरात पार्किंग, जमिनीवर बस, वर दुकानं आणि ऑफिसं, खाली मेट्रो. कागदावर हे उत्तम आहे. बस, मेट्रो, रेल्वे एका ठिकाणी, यापेक्षा शहराला काय हवं? मला एवढंच विचारायचंय की आजी कुठं बसणार.

आणि हे जमतच नाही असंही नाही. माझ्या मावसबहिणीचं सासर बडोद्याचं, तिथं आपली माणसं गायकवाडांच्या काळापासून आहेत. बडोद्याला रेल्वे स्टेशनशेजारचं बस स्थानक 2014 मध्येच याच पद्धतीनं नवं झालं: खाली बस, सोबत दुकानं, मल्टिप्लेक्स, ऑफिसं. पहिल्यांदा गेले तेव्हा विमानतळावर आल्यासारखं वाटलं. पण मला त्यातलं आवडलं ते वेगळंच. एक मोठं कुटुंब खाली चादर पसरून थेपले खात होतं, पोरं पळत होती, आणि कुणी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. उंच छत, उजेड, वर एवढं सगळं, आणि खाली ऐसपैस जेवण. मी ऑफिसात येऊन साहेबांना फोटो दाखवले. त्यांनी कौतुकानं बघितले आणि छताचं डिटेल विचारलं.

आमचे साहेब वाईट नाहीत. ते स्वतः एसटीनं शिकायला आलेले आहेत, रुमाल टाकून जागा धरल्याच्या गोष्टी रंगवून सांगतात. पण त्या जिल्ह्याच्या स्टँडच्या प्लॅनमध्ये मी एकशे ऐंशी माणसांच्या बसण्याची जागा दाखवली होती, आणि विकासकाकडून शेरा आला, शहाण्णव पुरेत. साहेब म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. आता लोकांकडे ॲप आहे, गाडी कुठं आहे ते कळतं. माणूस वेळेवर येतो, गाडी आली की जातो. एवढं बसायला कोण येतं?"

मी म्हटलं, "साहेब, एकशे ऐंशी कमी पडतील."

"कशावरून?"

"मोजून सांगू?"

ते हसले. "सांग."

म्हणून मी आणि ऑफिसातली एक ज्युनियर, आम्ही दोघी एका शनिवारी त्या गावाला गेलो आणि रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत जुन्या स्टँडवर बसलो. दर अर्ध्या तासाला मोजायचं, वहीत लिहायचं. कंट्रोलर साहेबांना आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी दोनदा चहा पाठवला आणि स्वतःचा पंखा आमच्याकडं वळवून दिला.

तो तक्ता इथं देत नाही, ते ऑफिसचं काम आहे. पण बसलेली माणसं कोण होती ते सांगते. अकराच्या सुमारास पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला आलेली पोरं, वीसेक जणांचा घोळका, बूट उशाला घेऊन एका ओळीत झोपलेली. लॉज परवडत नाही आणि मैदान पहाटे पाचला. सिव्हिल हॉस्पिटलचे नातेवाईक, ते कुठल्याही स्टँडवर असतातच. ऊसतोडीहून परतणारी दोन कुटुंबं, भांड्यांच्या पोत्यांसह, त्यांची पुढची गाडी साडेसहाला. एक म्हातारा शिक्षक, निवृत्त, तो रोज रात्री दोन तास येऊन बसतो म्हणाला, घरी झोप लागत नाही, इथं माणसं असतात. एक बाई होती, तिशीची, शेजारी दोन मुलं, सुटकेस नवी. ती गाड्यांच्या पाट्या बघत होती पण कुठल्याच गाडीत चढत नव्हती. आमच्या ज्युनियरनं विचारलं, "ताई, कुठं जायचंय?" ती म्हणाली, "ठरवते." पहाटे चारला ती उठली आणि धुळ्याच्या गाडीत बसली. माहेर असेल, नसेल. धाकट्याला बाकावरून उचलताना तो जागा झाला नाही.

सोमवारी मी आकडे साहेबांच्या टेबलावर ठेवले. पहाटे तीनलासुद्धा जुने बाक भरलेले होते आणि माणसं खाली होती, हे त्यांना दिसलं. त्यांनी चष्मा काढला, परत लावला, पान उलटलं.

"यातले तिकीटवाले किती?"

"ते विचारलं नाही साहेब. तिथं कुणी विचारत नाही."

बराच वेळ ते शीटकडं बघत राहिले. मग पेन्सिलीनं शहाण्णव खोडलं, एकशे चाळीस लिहिलं, आणि मला म्हणाले की एरिया स्टेटमेंटमध्ये एक नवीन ओळ टाक, 'प्रतीक्षा', सर्क्युलेशनच्या वर. विकासकाचा माणूस गुरुवारी येतोय. खुर्च्यांच्या दांड्यांचं मी अजून काढलेलं नाही, ते गुरुवारीच काढेन.